निवळीचं कूळ

कुडाळच्या आसपासच्या वाड्यांत सकाळी दहा-अकराच्या सुमाराला टोपात उकड्या तांदळाची पेज शिजते. दाणा फुलतो, मऊ होतो आणि वर दाटसर, किंचित चिकट पाणी राहतं. ती निवळ. शेतातून आलेला माणूस पेज जेवतो ती सुक्या मासळीबरोबर, नाहीतर लोणच्याच्या फोडीबरोबर. घरात कुणाचं पोट बिघडलं, की शितं बाजूला राहतात आणि वाटीत येते नुसती निवळ, त्यात चिमूटभर मीठ. ‘थोडी निवळ पी, बरा वाटतला,’ एवढंच आई सांगते.

शब्द जुना आहे. संस्कृत पेया, प्राकृत पेज्जा, मराठी पेज. आयुर्वेदाने तांदळाच्या या पातळ अन्नाच्या पायऱ्याच लावल्या: शितं नसलेला तो मंड, थोडी शितं असलेली ती पेया, दाट झाली की विलेपी. शोधनानंतर, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारांनंतर, मंदावलेल्या अग्नीला याच क्रमाने अन्नाची सवय लावायची. आपली निवळ म्हणजे त्यातला मंड.

जुलाबाच्या बाबतीत आधुनिक वैद्यकाची वाट वेगळी होती. 1832 मध्ये थॉमस लाटा या स्कॉटिश डॉक्टरने पटकीच्या रोग्यांच्या शिरेत खारं पाणी सोडलं, आणि पुढे सलाइन हाच खरा उपचार ठरला. पटकीत आतड्याचं अस्तर गळून पडतं, म्हणून पोटाला विश्रांती द्यावी, असं बरीच वर्षं मानत. 1953 मध्ये कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जींनी पटकीच्या 186 रोग्यांना मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने दिल्याचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये छापला. पण ते का लागू पडतं, याचा उलगडा तेव्हा झालेला नव्हता.

तो उलगडा शरीरक्रियाशास्त्राने केला. 1960 मध्ये प्रागच्या परिसंवादात रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं, की लहान आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटं शिरत नाही, सोडियमचा हात धरून शिरतं. या दाराला आज एसजीएलटी-1 म्हणतात. एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत येतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी. पेशीच्या पलीकडच्या बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप आलेलं सोडियम सतत रक्ताकडे ढकलतो, म्हणून पेशीत सोडियम कमी राहतं आणि ही ओढ टिकते. निरोगी माणसाच्या लहान आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातला दोनेक लिटर आपण प्यायलेला, बाकीचा लाळ, जठररस, पित्त अशा पाचक रसांचा. त्यातला बहुतेक परत शोषला जातो.

पटकीचं विष पेशीत सीएएमपी हा संदेशवाहक रेणू वाढवतं. क्लोराइडची वाट उघडी पडते आणि पाणी आतड्यात धो धो वाहू लागतं. पण अस्तर शाबूत असतं आणि ग्लुकोज-सोडियमचं दार चालूच राहतं. नुसतं पाणी पाजलं तर ते वाहून जातं. मीठ आणि ग्लुकोज जोडीने गेले, तर पाणी रक्तात पोचतं.

1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रोग्यांवर हे सिद्ध केलं. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांची पश्चिम बंगालमधल्या बनगावला रीघ लागली, पटकी पसरली, सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं पाणी पिंपांत कालवलं आणि ते पाजण्याचं काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवलं. आधी 30 टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. ही किमया घडली ती आयांच्या, बहिणींच्या हातून.

यानंतर कथा पुन्हा तांदळाकडे वळते. ग्लुकोजचे सुटे रेणू फार झाले, तर तेच आतड्यात पाणी ओढतात. पिष्टाचा रेणू मोठा असतो. त्याचं ग्लुकोज हळूहळू, अस्तराजवळ सुटतं आणि लगेच त्या दारातून आत जातं. 1982 मध्ये महालनबीसांच्याच सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या तान्ह्या मुलांवर तांदळाचं क्षारपाणी तपासलं. पुढे पटकीच्या रोग्यांत अशा पाण्याने जुलाब आणखी कमी होतात, हेही दिसलं. 2002 मध्ये ओआरएसच्या, म्हणजे तोंडाने द्यायच्या या क्षारपाण्याच्या, पाकिटातलं ग्लुकोजही लिटरला 20 ग्रॅमवरून साडेतेरावर आलं आणि मीठ साडेतीनवरून 2.6 ग्रॅमवर.

कुडाळ तालुक्यातच, ओरोसला, आज वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे पहिल्या वर्षाला एसजीएलटी-1 शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा निवळीची वाटी समोर ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. पिष्ट तिच्यात आहेच. सोडियम आणणारं मीठ मात्र हातावर अवलंबून असतं: कुणाची चिमूट मोठी, कुणाची लहान, आणि अळणी निवळीत दाराची अर्धी किल्लीच नसते. मीठ जास्त झालं, तर लहान मुलाला अपाय होतो. म्हणून ओआरएसचं पाकीट मिळत असेल तर तेच द्यावं. ते हाती येईपर्यंत लिटरभर निवळीत सपाट अर्धा चहाचा चमचा, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम, मीठ घालावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या घरगुती पेयांच्या यादीतही मीठ घातलेलं तांदळाचं पाणी आहे.

उद्या याच विद्यार्थ्यांपुढे कुणी आई जुलाबाने मलूल झालेलं पोर घेऊन येईल आणि ‘निवळ दिली हा,’ असं सांगेल. तेव्हा तिला थांबवू नका. ‘मीठ किती घातलंत?’ एवढं विचारा, आणि चमचा हातात घेऊन माप दाखवा.