मायकेल जॅक्सनचा मुंबई कार्यक्रम (१९९६) : चाहतावर्ग, अस्मिता आणि करसवलत

महाराष्ट्रातील रॉक संगीताचा चाहतावर्ग प्रारंभी मुख्यतः मुंबईच्या इंग्रजी शिक्षित वर्तुळात सामावलेला होता. १९८० मध्ये ‘द पोलीस’ या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम मुंबईत झाला. १९८६ मध्ये ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव सुरू झाला. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांनी हे वर्तुळ विस्तारले.

१ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरी क्रीडा संकुलात झालेला मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम हा या प्रक्रियेतील लक्षणीय टप्पा होय. मराठी तरुणांच्या रोजगारासाठी स्थापन झालेल्या शिव उद्योग सेनेच्या निधीसाठी तो योजला गेला. मराठी अस्मितेचा पुरस्कार करणाऱ्या पक्षाने अमेरिकी पॉपगायकाचे स्वागत करावे, ही विसंगती टीकेचा विषय ठरली. कोकणातून आलेला चाकरमानी हा त्या पक्षाचा जुना आधार. महामार्गावरील कसालसारख्या गावांशी त्याचे सांस्कृतिक नाते मात्र दशावतार व भजनाने बांधलेले होते. निधी ज्याच्या नावाने उभारायचा तो तरुण आणि महागडे तिकीट काढणारा चाहता यांत अंतर होते.

शासनाने या कार्यक्रमास करमणूक करात सूट दिली. मुंबई ग्राहक पंचायतीने तीस न्यायालयात आव्हान दिले. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती रद्द करून फेरविचार करण्यास सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने सूट पुन्हा मंजूर केली. चाहत्याची आवड खासगी असते. परंतु तिच्यासाठी सार्वजनिक महसूल सोडला जातो, तेव्हा त्याची कारणे कसालच्या नागरिकालाही विचारता आली पाहिजेत.