नावांची वही, क्रमांकांची वही

लोणी काळभोर, तालुका हवेली, जिल्हा पुणे: पत्ता आपण लहानाकडून मोठ्याकडे लिहितो. ४१२२०१ हा पिनकोड मात्र मोठ्या विभागापासून सुरू होतो. इंटरनेटवरही संगणकाचे नाव पत्त्यासारखे, तर क्रमांक पिनकोडसारखा. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या डीएनएस पद्धतीत नावांच्या नोंदवह्या जागोजागी वाटलेल्या असतात. क्रमांकावरून नाव शोधण्याच्या वहीत १९२.०.२ हा क्रमांक म्हणूनच २.०.१९२ असा उलटा लिहितात.

मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने सांभाळलेली ‘डॉट इन’ची मुख्य वही २००५ मध्ये ‘निक्सी’कडे आली. उलट्या वह्या त्यात नव्हत्या. आपल्या भागात त्या ‘एपनिक’च्या क्रमांकवाटपाशी जोडलेल्या आहेत. म्हणून सर्व्हर हलवताना दोन्ही वह्या स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. उलटी नोंद राहून गेली, तर संकेतस्थळ दिसते, पण आपली ई-मेल नाकारली जाऊ शकते.