अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण आणि सांगलीकडील विद्यार्थी

अभियांत्रिकी महाविद्यालयाची निवड हा विद्यार्थ्याच्या आवडीचा प्रश्न होय, असे आज मानले जाते. इतिहास मात्र निराळे सांगतो. पुण्यास १८५४ मध्ये जी अभियांत्रिकी शाळा निघाली, ती सरकारी बांधकामांस दुय्यम नोकरवर्ग हवा म्हणून निघाली. नोकरी आधी, शाळा मागाहून, असा तो क्रम होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन पुण्यास आले, १८८३ ची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजूही झाले. पदवीचे मोल खाते ठरवीत होते. ‘ओव्हरसियर’ हा शब्द खेड्यापाड्यांत ‘अभियंता’ या शब्दाच्या कितीतरी आधी रुळला, ही गोष्टही या दृष्टीने बोलकी आहे.

कवठे महांकाळचा मुलूख अवर्षणाचा. पाटबंधाऱ्यांचे महत्त्व तेथे कोणास सांगावे लागत नाही. तरीही तेथील मुलास हे शिक्षण जवळ लाभले ते १९४७ मध्ये, धोंडूमामा साठे यांनी सांगलीस महाविद्यालय काढले तेव्हा. १९५५ मध्ये त्यास वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. पदव्युत्तर वर्ग मात्र पुष्कळ मागाहून आले.

खरी कलाटणी १९८३ ची. सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान महाविद्यालयांस परवानगी मिळाली. तिच्या गुणदोषांची चर्चा बहुधा देणग्यांपाशीच थांबते, आणि १९८७ चा देणगीबंदीचा कायदा पाहता ती अकारण नव्हे. परंतु एक परिणाम दुर्लक्षित राहिला. महाविद्यालये वाढली तसे अध्यापक हवे झाले, आणि अध्यापकास पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरली. म्हणजे ज्या पदवीकडून संशोधनाची अपेक्षा होती, ती पुष्कळांच्या बाबतीत अध्यापकाच्या नेमणुकीची अट बनली. बांधकाम खात्याची जागा महाविद्यालयांनी घेतली, एवढाच काय तो फरक! पदवीच्या वर्गांस विद्यार्थी कमी पडू लागताच ही वाटही अरुंद व्हावी, हे ओघानेच आले.

म्हणून सांगली, पुणे की पवई, हा प्रश्न केवळ संस्थेच्या नावावर सोडविणे धोक्याचे. कोणत्या विषयाची प्रयोगशाळा चालू आहे, मार्गदर्शक कोण, पूर्वीचे विद्यार्थी अध्यापनात गेले की उद्योगात, हे आधी पाहावयास हवे. ‘गेट’ परीक्षेतील गुणांवर प्रवेश व विद्यावेतन मिळते. पण त्याच गुणांवर काही सार्वजनिक उपक्रम पदवीधरांस थेट नोकरीही देतात. तेव्हा उत्तम गुण मिळविणाऱ्यापुढे महाविद्यालयाच्या निवडीआधी दुसरीच निवड उभी राहते: दोन वर्षे शिकावयाचे की नाही.