तिरल्याचा माळ

धारहून अहमदाबादकडे निघालं की थोड्याच वेळात तिरला लागतं. बस थांबते, कुणी चहा घेतं, बस सुटते. आमच्या घरात मात्र तिरल्याचं नाव निघालं की आजोबा मांडी बदलून बसायचे, आणि मग तासभर सुटका नसे. इंदूरच्या नंदलाल मंडलोईंनी मराठ्यांना वाट कशी मोकळी केली, सुभेदार दयाबहादूर तिरल्याच्या माळावर कसा पडला, बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा आणि उदाजी पवार कुठून चालून आले, हे ते अशा थाटात सांगत की त्या दिवशी घोड्यांच्या दाणावैरणीची व्यवस्था जणू त्यांच्याकडेच होती.

ऐकायला माझ्याबरोबर माझा आखाड्यातला जोडीदार असायचा. त्याला लढाईपेक्षा माणसांची वयं विचारायची खोड.

"आजोबा, चिमाजीअप्पा तेव्हा केवढे होते?"

"एकविसाचे असतील."

"म्हणजे आमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे!"

आम्ही दोघं मलखांब करायचो. पहाटे एरंडेल चोळून खांब चकचकीत करायचा, लंगोट कसायचा, सलामी द्यायची आणि वर जायचं. माझी अढी सैल पडायची, तो मात्र बोंडावर पोचून वरून मला नावं ठेवायचा. दसरंग करताना त्याची पाठ खांबाला लागल्याचा आवाजसुद्धा येत नसे. पताका धरली की अंग आडवं, पाय जुळलेले, आणि चेहऱ्यावर बाजारात भाव विचारत असल्यासारखा निवांतपणा.

आजोबांच्या मते मलखांबही धारचाच. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म 10 जानेवारी 1775 ला धारच्या किल्ल्यातला. राघोबांनी आनंदीबाईंना तिथे आसऱ्याला ठेवलं होतं. पुढे त्याच बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मलखांबाला नवा जन्म दिला. तेव्हा पेशव्याची नाळ इथली, म्हणून मलखांबही इथला! देवधरांची कामगिरी पुण्याची, हे सांगायची सोय नव्हती. 2013 मध्ये मध्य प्रदेशाने मलखांबाला राज्याचा खेळ ठरवलं, तेव्हा आजोबा असते तर त्याचंही श्रेय धारच्या किल्ल्याला मिळालं असतं.

एका रविवारी लढाईची जागा शोधायला आम्ही सायकलींवर तिरल्याला गेलो. सापडली नाही. शेतं, मुरूम, बकऱ्या. विचारलं तर एका म्हाताऱ्याने हात फिरवून सगळाच माळ दाखवला. परतीच्या चढावर माझा दोस्त सायकल हातात धरून चालू लागला. त्याला दम लागला होता. मला हसूच आलं. लहानपणी अंगात मुरलेल्या सांधेतापाने त्याच्या हृदयाची झडप खराब केली होती, हे पुढे कळलं. इंदूरच्या एका इस्पितळात तो गेला. विशीही पुरी झाली नव्हती.

मग मी पुस्तकं वाचायला लागलो. दयाबहादूर तिरल्याला पडला ही गोष्ट जॉन माल्कमच्या माळव्यावरच्या ग्रंथातही आहे; लढाईचं साल 1731 सांगतात. पण सीतामऊच्या रघुबीर सिंहांसारख्या अभ्यासकांनी समकालीन पत्रं तपासून ते साल खोडून काढलं. सुभेदार होता गिरिधर बहादूर. तो आणि त्याचा भाऊबंद दयाबहादूर, दोघेही 29 नोव्हेंबर 1728 ला अमझेऱ्याच्या लढाईत मारले गेले. चिमाजीअप्पा तिथून उज्जैनवर गेले, पण शहर हाती लागलं नाही. पुढे 1739 मध्ये वसई घेतली आणि 1740 च्या डिसेंबरात, तेहतिशीतच, गेले. प्रकृती आधीपासूनच तोळामासा. थोरले भाऊ बाजीराव त्याच वर्षी एप्रिलात नर्मदाकाठी रावेरखेडीला गेले होते. वयं विचारणारा जवळ असता तर ही बेरीज त्यानेच आधी केली असती.

अमझेरा आणि तिरला, दोन्ही धारच्या एकाच बाजूला. पण तिरला वाटेवरचं, येताजाता दिसणारं. ज्याची गोष्ट रोज सांगायची, त्याला लोक आपल्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आणून ठेवतात, असं मला वाटतं. आजोबांची चूक काढायचा माझा उत्साह त्यामुळे लवकरच ओसरला. घरच्या पोरांना दोस्ताबद्दल सांगताना मीही इस्पितळ गाळतो आणि तिरल्यालाच सुरुवात करतो: सायकली, माळ, आणि वाटेतल्या एका कडुलिंबाच्या खोडावर पताका धरणारा तो.

"आणि पडला नाही?" पोरं विचारतात.

तो नाही. पडायचो तो मी.