खासगी आणि दौलत

‘महाल’ हा शब्द आम्हां नागपूरकरांच्या तोंडी रोजचाच आहे. पण भोसल्यांचा तेथील जुना राजवाडा १८६४ साली आगीत गेला, हे कित्येकांस ठाऊक नसते. त्याही आधी दहा वर्षे तो वाडा आतून रिता होऊ लागला होता. तो कोणी व कोणत्या न्यायाने रिता केला, हे आज पाहावयाचे आहे.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. यशवंतराव अहिरराव या आप्ताचे दत्तविधान कंपनी सरकारने मानले नाही, आणि १८५४ च्या आरंभी डलहौसीने राज्य खालसा केले. कौन्सिलातील कर्नल लो यांनी विरोध नोंदविला, पण त्याचा उपयोग झाला नाही. राज्य गेले ते गेलेच. पण वाड्यातील हत्ती-घोडे, जडजवाहीर, सामानसुमान यांचे काय? राजाची खासगी मालमत्ता कोठे संपते आणि राज्याची दौलत कोठे सुरू होते, हा खरा प्रश्न होता.

राण्यांचे म्हणणे साधे होते : हे घराण्याचे आहे आणि घराण्यातच राहावे. सरकारचे म्हणणे असे की, राज्याबरोबर हेही आमच्या विल्हेवाटीस आले. मात्र राण्यांस त्यांच्या इतमामास साजेसे दागिने देऊन उरलेले विकावे आणि त्या पैशातून भोसले कुटुंबासाठी एक निधी करावा. कागदावर ही योजना उदार दिसते. पण मालकी कोणाची हे ठरविणारे, किंमत करणारे आणि लिलाव पुकारणारे हात एकच होते. राण्यांनी वकील पाठविला, गव्हर्नर जनरलला अर्ज केला, व्यर्थ. सत्तावनच्या उठावाचा इंग्रज इतिहासकार के लिहितो की, पाचशे-सहाशे हत्ती, उंट, घोडे व बैल मिळून अवघ्या १,३०० पौंडांत गेले. सामान हलवू लागले तेव्हा, वाड्याला आग लावीन, असे एका वृद्ध राणीने बजावल्याचेही त्याने सांगितले आहे. राज्य घेतल्याने झाला नाही इतका वाईट परिणाम या लिलावाने लोकमनावर झाला, असा त्याचा अभिप्राय आहे. राज्ये जातात, हे लोकांनी पाहिलेले होते. विधवांच्या घरातील चीजवस्तूंवर बोली लागते, हे त्यांनी पाहिले नव्हते.

जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास गेले. येथे आम्हांस क्षणभर थांबले पाहिजे. १७४२ साली ज्यांच्या फौजांच्या भयाने कलकत्तेकरांनी शहराभोवती ‘मराठा खंदक’ खणावयास घेतला, ते हेच नागपूरकर भोसले. १७५१ च्या तहाने पहिल्या रघूजींनी बंगालच्या नवाबाकडून वर्षाला बारा लाख रुपये चौथाई ठरवून घेतली. त्या स्वाऱ्यांत जी गावे जळाली, त्यांच्या रयतेला ‘हे कोणाचे?’ असे कोणी विचारले नव्हते. आमच्या घरचा लिलाव आम्हांस डाचतो, तेव्हा ही बाजूही विसरता कामा नये. सत्तेने मिळविलेल्या धनाला सत्तेचेच भय असते.

हा प्रकार केवळ जुन्या राजेरजवाड्यांचा नाही. सोव्हिएत संघ मोडल्यावर रशियात १९९५ साली सरकारने कर्जाच्या तारणाच्या मिषाने तेल व निकेलचे मोठमोठे कारखाने मोजक्या सावकारांच्या हाती अल्प किमतीत जाऊ दिले. जे राजाच्या मर्जीने मिळाले, ते मर्जी फिरताच डळमळू लागले. युकोस या तेल कंपनीचे धनी खोदोरकोव्स्की २००३ साली पकडले गेले. थकीत करांपोटी तिचा मुख्य विभाग २००४ च्या डिसेंबरात लिलावात निघाला, तो एका अनोळखी कंपनीने घेतला आणि लगोलग सरकारी तेल कंपनीकडे गेला. २०१४ साली हेगच्या लवादाने भागधारकांना सुमारे ५० अब्ज डॉलर देववले, आणि त्या निवाड्यावर पुढे वर्षानुवर्षे कज्जे चालले. २०२२ साली युक्रेनवर स्वारी होताच याच वर्गातील कित्येकांची घरे व नौका युरोपात अडकवून ठेवण्यात आल्या. गोठविणे निराळे आणि जप्त करणे निराळे, यावर तेथे काथ्याकूट झाला. हा काथ्याकूट आम्हांस कंटाळवाणा वाटेल. पण १८५४ साली नागपूरच्या राण्यांच्या वाट्याला तेवढाही आला नाही. ज्याने घेतले त्याहून वेगळ्या कोणापुढे दाद मागता येणे, एवढाच त्यातील फरक आहे, आणि तो लहान नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात पहिल्या रघूजींचे नाव व ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब कोरलेली तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे सत्तेचाळीस लाख रुपयांस मिळविली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. भोसल्यांची वस्तू पुन्हा लिलावातूनच आली. पण या वेळी पैसा लोकांचा होता. ती आता ना कोणाची खासगी, ना कोणा राजाची दौलत. तिच्याकडे पाहताना अभिमान वाटावा, हे स्वाभाविक आहे. तसेच बंगालची रयत आणि वाड्यातील त्या राण्या, दोघांचीही आठवण व्हावी, एवढीच आमची विनंती आहे.