तानशापासून काळूपर्यंत

मुंबईच्या वाढीचा इतिहास लिहिणारे बहुधा गोदी आणि गिरण्यांपासून आरंभ करतात. आम्हांला तो शहापूर तालुक्यातून सांगावासा वाटतो. 1861 साली रेल्वे कसाऱ्यास पोहोचली आणि येथील रानातले लाकूड शहराकडे नेणे सोपे झाले. 1878 च्या वनकायद्याने आदिवासींची रानावरील वहिवाट आक्रसली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून गाऱ्हाणी इतकी वाढली की, 1885 मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला.

लाकडामागून पाणी गेले. 1892 मध्ये तानसा, 1957 मध्ये मोडकसागर, पुढे भातसा. मुंबईला आज रोज 380 कोटी लिटरांहून अधिक पाणी मिळते; त्यातील जवळजवळ निम्मे एकट्या भातसाचे. शहापुरात पाऊस उदंड पडतो, परंतु काळा कातळ तो धरून ठेवीत नाही. फाल्गुन सरला की विहिरी तळ गाठतात आणि पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. जलवाहिनीच्या कडेने हंडा घेऊन जाणारी बाई हे चित्र लिहून लिहून गुळगुळीत झाले आहे. खोटे मात्र ठरलेले नाही.

1972 मध्ये ‘लिमिट्स टू ग्रोथ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि अमर्याद वाढ पृथ्वीला सोसेल काय, हा वाद जगापुढे आला. त्याच वर्षी स्टॉकहोमच्या परिषदेत इंदिरा गांधींनी दारिद्र्याकडे बोट दाखवून श्रीमंत राष्ट्रांना निरुत्तर केले. त्याच सुमारास मुरबाड तालुक्यात बारवी धरण उभे राहिले, ते औद्योगिक विकास महामंडळाचे. इंदिराजींचा मुद्दा आम्हांला आजही खरा वाटतो. पण गरिबांच्या नावाने मागितलेली वाढ कोणाच्या घरी गेली, हे बारवीकाठच्या विस्थापितांना विचारावे.

हवामानबदलाने हा वाद अधिक तीव्र केला आहे. नफ्यासाठी सतत वाढत राहणे हा भांडवलशाहीचा स्वभावच असून कर्बवायूचे मूळ तेथेच आहे, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, वाढीवाचून कोळशाला पर्याय उभा करण्यास पैसा यायचा कोठून? या दुसऱ्या पक्षाला आम्ही हसणार नाही. सौर विजेची तावदाने स्वस्त झाली ती प्रचंड उत्पादनामुळेच. परंतु मुरबाडच्या काळू धरणाचे काय? महानगर प्रदेशाची तहान भागविण्यासाठी सुमारे 1000 हेक्टर वनजमीन बुडणार होती. वनखात्याची मंजुरी नसताना 2011 मध्ये काम सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि 2012 मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबविले. कर्बवायू शोषणारे जंगल बुडवून वाढ साधायची, ही कसली बेरीज?

पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात जगाच्या काही भागांनी कमी वाढ पत्करावी असे सुचविले, ते इतर भागांना निकोप वाढीसाठी साधने मिळावीत म्हणून. आपल्याकडे यातला पूर्वार्ध तेवढा चर्चेत राहिला. शिवाय हे ‘भाग’ म्हणजे युरोप आणि भारत, अशी आपण सोयीस्कर समजूत करून घेतो. ती रेषा मुंबई आणि शहापूर यांच्यामधूनही जाते. पाड्यावरच्या कुटुंबाला ‘वाढ थांबवा’ असे सांगण्याचा अधिकार आम्हां नळाच्या पाण्यावर वाढलेल्यांना नाही.

शहापूरच्या तहानलेल्या गावांसाठी अखेर मोठी पाणीयोजना आखली गेली. पाणी उताराने येऊ शकेल म्हणून त्यासाठी निवडले गेले ते घाटापलीकडचे, इगतपुरी तालुक्यातील भावली धरण.