ब्रासेरो कार्यक्रम

ब्रासेरो कार्यक्रम हा अमेरिकेची संयुक्त संस्थाने व मेक्सिको यांच्यातील करारांन्वये १९४२ ते १९६४ या काळात राबविण्यात आलेला हंगामी मजूर भरतीचा कार्यक्रम होता. स्पॅनिश भाषेत 'ब्रासो' म्हणजे बाहू. त्यावरून 'ब्रासेरो' म्हणजे अंगमेहनत करणारा मजूर. २२ वर्षांत या कार्यक्रमाखाली सुमारे ४५ लाख कंत्राटे झाली. अनेक मजूर वारंवार आल्यामुळे प्रत्यक्ष व्यक्तींची संख्या त्याहून बरीच कमी होती. बाहेरून आलेल्या मजुरांमुळे स्थानिकांची मजुरी घटते का आणि कामगार संघटना ती कितपत वाढवू शकतात, या दोन्ही प्रश्नांच्या चर्चेत या कार्यक्रमाचा दाखला दिला जातो.

पार्श्वभूमी

१९३० च्या दशकातील महामंदीत अमेरिकेतून मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना मेक्सिकोत परत पाठविण्यात आले. त्यांत जन्माने अमेरिकन नागरिक असलेलेही पुष्कळ होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर परिस्थिती उलट झाली. तरुण सैन्यात गेले, शेतमजूर अधिक मजुरीच्या युद्धोद्योगांकडे वळले आणि मळेमालकांनी मजूरटंचाईची तक्रार सुरू केली. ४ ऑगस्ट १९४२ रोजी दोन्ही देशांत करार झाला व त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मजुरांच्या पहिल्या तुकड्या कॅलिफोर्नियात पोहोचल्या. १९४३ ते १९४५ या काळात रेल्वेमार्गांच्या देखभालीसाठीही स्वतंत्रपणे मजूर आणण्यात आले.

या काळात अमेरिकेतील शेतमजुरांना कामगार कायद्यांचे संरक्षण जवळजवळ नव्हते. संघटना बांधण्याचा व सामूहिक वाटाघाटींचा हक्क देणाऱ्या १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्यातून शेतमजूर वगळले होते. किमान वेतनाच्या १९३८ च्या कायद्यातही त्यांचा समावेश नव्हता.

करारातील अटी

मूळ करारानुसार ब्रासेरो मजुराला ताशी किमान ३० सेंट अथवा त्या भागातील प्रचलित मजुरी, यांपैकी जी अधिक असेल ती देणे बंधनकारक होते. येण्याजाण्याचा खर्च, निवासाची सोय आणि कंत्राटाच्या मुदतीतील किमान तीन चतुर्थांश दिवस काम यांची हमी होती. स्थानिक मजुरांना हटवून त्यांच्या जागी ब्रासेरो नेमू नयेत, अशीही अट होती. वांशिक भेदभावाच्या कारणास्तव मेक्सिकोने सुरुवातीची काही वर्षे टेक्सास राज्याला मजूर पाठविण्यास नकार दिला.

युद्धानंतर काही वर्षे मळेमालक मजुरांशी थेट कंत्राटे करीत. १९५१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या सार्वजनिक कायदा ७८ ने कार्यक्रमाला नवे वैधानिक अधिष्ठान दिले. स्थानिक मजूर पुरेसे उपलब्ध नाहीत आणि ब्रासेरो आणल्याने स्थानिकांच्या मजुरीवर व कामाच्या परिस्थितीवर प्रतिकूल परिणाम होणार नाही, असे प्रमाणित करण्याची जबाबदारी या कायद्याने कामगारमंत्र्यांवर टाकली. कार्यक्रमाने १९५६ मध्ये उच्चांक गाठला. त्या वर्षी सुमारे ४ लाख ४५ हजार कंत्राटे झाली.

भरती व वागणूक

भरती केंद्रांवर जागांपेक्षा इच्छुकांची संख्या कितीतरी अधिक असे आणि यादीत नाव लागावे म्हणून लाच द्यावी लागणे सर्रास होते. सीमेवरील केंद्रांत मजुरांची विवस्त्र तपासणी होई व त्यांच्यावर डीडीटीची फवारणी केली जाई. छायाचित्रकार लेनर्ड नॅडेल यांनी १९५६ मध्ये टिपलेली या प्रक्रियेची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत.

कंत्राट एका विशिष्ट मालकाशी अथवा मालकसंघाशी बांधलेले असल्यामुळे मजुराला दुसरीकडे अधिक मजुरी मिळत असली तरी काम बदलता येत नसे. तक्रार करणाऱ्याला मायदेशी परत पाठविले जाण्याची अथवा पुढील हंगामात न बोलावले जाण्याची भीती असे.

मजुरीनिश्चिती

'प्रचलित मजुरी' कशी ठरते, हा कार्यक्रमातील कळीचा मुद्दा होता. हंगामापूर्वी मळेमालकांच्या संघटना आपसांत दर ठरवीत आणि बहुतेक वेळा तोच दर प्रचलित म्हणून ग्राह्य धरला जाई. त्या दराने स्थानिक मजूर येत नाहीत, ही बाब मग मजूरटंचाईचा पुरावा ठरे व ब्रासेरोंची मागणी मान्य होई. टंचाईच्या काळात मजुरी वाढून मजूर आकर्षित होतात, हा बाजाराचा सर्वसाधारण क्रम येथे खंडित झाल्याची टीका विरोधकांनी केली. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी नेमलेल्या स्थलांतरित मजूर आयोगानेही १९५१ च्या अहवालात परदेशी मजुरांच्या वापरामुळे शेतमजुरी दबली जाते, असा निष्कर्ष काढला. १९६२ पासून कामगार विभागाने ब्रासेरोंसाठी राज्यवार किमान दर ठरविण्यास सुरुवात केली.

कामगार संघटनांशी संघर्ष

ऑक्टोबर १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील आर्विन येथे डी जॉर्जो कंपनीच्या मळ्यांवर नॅशनल फार्म लेबर युनियनने मजुरीवाढ व मान्यतेसाठी संप पुकारला. तेथील ब्रासेरोंनीही सुरुवातीला काम थांबविले होते. परंतु त्यांना पुन्हा कामावर जाण्यास भाग पाडण्यात आले आणि संप चालू असताना ते काही आठवडे मळ्यांत राबत राहिले. १९५० मध्ये हा संप अयशस्वी होऊन संपला.

या संघटनेचे एर्नेस्तो गालार्सा हे स्वतः बालपणी मेक्सिकोतून आलेले होते. १९५६ च्या अहवालात त्यांनी मजुरांची निवासव्यवस्था, अन्न व वेतनकपाती यांतील करारभंग नोंदविले. मजुरांच्या राष्ट्रीयत्वापेक्षा त्यांच्या परावलंबी स्थितीवर त्यांचा रोख होता: जो काम सोडू शकत नाही आणि संपही करू शकत नाही, असा मजूर शेजारच्या मजुराचीही सौदाशक्ती घटवितो.

समाप्ती

१९६० मधील सीबीएस वाहिनीवरील 'हार्वेस्ट ऑफ शेम' या माहितीपटाने शेतमजुरांच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधले. १७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियातील चुआलार येथे मजुरांना नेणाऱ्या वाहनाला आगगाडीची धडक बसून ३२ जण मरण पावले. कामगार संघटना, चर्च व नागरी हक्क संघटना यांच्या विरोधामुळे कायद्याला पुढील मुदतवाढ मिळाली नाही आणि ३१ डिसेंबर १९६४ रोजी कार्यक्रम संपुष्टात आला.

डेलानोचा संप

१९६५ मध्ये मोजक्या प्रमाणात मजूर आणण्यास परवानगी होती. कॅलिफोर्नियात अशा मजुरांसाठी ताशी १ डॉलर ४० सेंट हा दर ठरविण्यात आला होता. कोचेला खोऱ्यातील फिलिपिनो द्राक्षमजुरांनी मे महिन्यात लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली काम बंद ठेवून तोच दर मिळविला. डेलानो येथे मात्र मालकांनी तो नाकारला, तेव्हा ८ सप्टेंबर १९६५ रोजी संप सुरू झाला. १६ सप्टेंबरला सेसार चावेझ व डोलोरेस वेर्ता यांच्या प्रामुख्याने मेक्सिकन सभासद असलेल्या संघटनेने संपात उडी घेतली. मालक पूर्वी एका समूहाचा संप दुसऱ्याकडून मोडून घेत; या वेळी दोन्ही समूह एकत्र आले. पुढे या संघटनांच्या विलीनीकरणातून युनायटेड फार्म वर्कर्स ही संघटना उभी राहिली. द्राक्षांवरील देशव्यापी बहिष्कारानंतर जुलै १९७० मध्ये डेलानोच्या मालकांनी करारांवर सह्या केल्या. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने शेतमजुरांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क देणारा कायदा केला. कमरेत वाकून काम करण्यास भाग पाडणाऱ्या आखूड दांड्याच्या खुरपणीच्या अवजारावरही त्याच वर्षी तेथे बंदी आली.

आर्थिक परिणामांविषयीचे संशोधन

मायकेल क्लेमेन्स, इथन लुइस व हॅना पोस्टेल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रासेरोंचा मोठा वापर करणाऱ्या राज्यांची अल्प वापर करणाऱ्या व वापर न करणाऱ्या राज्यांशी तुलना केली. कार्यक्रम बंद झाल्यावर पहिल्या गटातील राज्यांत मजुरी इतरांपेक्षा अधिक वेगाने वाढल्याचे त्यांना आढळले नाही. मालकांनी शक्य तेथे यंत्रे आणली. प्रक्रिया उद्योगासाठीच्या टोमॅटोची काढणी कॅलिफोर्नियात काही वर्षांतच जवळजवळ पूर्णपणे यंत्राने होऊ लागली. जेथे यंत्रे उपलब्ध नव्हती, अशा स्ट्रॉबेरीसारख्या पिकांचे उत्पादन घटले.

हा निष्कर्ष आणि डेलानोचा अनुभव परस्परविरोधी असतीलच असे नाही. पहिला राज्यांतील सरासरी मजुरीविषयी आहे, तर दुसरा विशिष्ट मळ्यांवरील सौदाशक्तीविषयी. मजुरांची संख्या कमी झाल्याने मजुरी आपोआप वाढली नाही. परंतु संपकऱ्यांची जागा घेणारे कंत्राटी मजूर पूर्वीप्रमाणे उपलब्ध नसल्याने संघटन सुकर झाले, असे कामगार चळवळीचे अनेक अभ्यासक मानतात.

नंतरचा काळ

कार्यक्रमानंतर विनापरवाना स्थलांतर वाढले. संपफोडे म्हणून येणाऱ्या अशा मजुरांना युनायटेड फार्म वर्कर्सने कडवा विरोध केला व १९७४ मध्ये ॲरिझोनाच्या सीमेवर पहारेही बसविले. कालांतराने संघटनेची भूमिका बदलून ती त्यांना कायदेशीर दर्जा देण्याच्या बाजूने उभी राहिली. ए.एफ.एल.-सी.आय.ओ. या महासंघानेही २००० मध्ये तशीच भूमिका स्वीकारली. आजच्या एच-२ए या हंगामी शेतमजूर परवान्यात स्थानिकांच्या मजुरीवरील प्रतिकूल परिणाम टाळण्यासाठी किमान दर ठरविण्याची पद्धत कायम आहे. मजूर विशिष्ट मालकाशी बांधलेला असणे, ही टीकाही कायम आहे.

बचतीचा प्रश्न

१९४० च्या दशकात ब्रासेरोंच्या मजुरीतून १० टक्के रक्कम बचत म्हणून कापून मेक्सिकोतील बँकांकडे पाठविली जाई. ती मायदेशी परतल्यावर मिळणार होती. परंतु असंख्य मजुरांना ती मिळाली नाही. २००१ मध्ये अमेरिकी न्यायालयात दाखल झालेल्या दाव्यात २००८ साली तडजोड होऊन अमेरिकेत राहणाऱ्या पात्र दावेदारांना सुमारे ३,५०० डॉलर देण्याचे मेक्सिको सरकारने मान्य केले. तोवर अनेक मजूर मरण पावले होते, तर अनेकांकडे सहा दशकांपूर्वीची कंत्राटे उरली नव्हती.